शेपटीची खूण

मैदानावर त्याला सगळे दोरवाला म्हणत. जीपला तीनशे मीटर दोर बांधायचा, दुसऱ्या टोकाला ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, आणि सुटायचं धावपट्टीवरून. पण नुसता पाय दाबून बसलं की झालं, असं नव्हे बरं का! समोरून वारा असेल तर तेवढा वेग कमी धरायचा. ग्लायडर पतंगासारखं चढू लागलं की ओढ वाढते, तेव्हा पाय सैल सोडायचा. नाहीतर दोरातली कच्ची कडी तुटते. ती मुद्दामच कच्ची ठेवलेली. पंख मोडण्यापेक्षा कडी मोडलेली बरी. वेग फार झाला, तर वरचा माणूस विमानाचं शेपूट डावीउजवीकडे हलवतो.

वरचा माणूस बहुतेक रविवारी त्याचा सख्खा थोरला भाऊ असे. अकरा वर्षं दोघांत एक शब्द नव्हता. आईच्या आजारपणात कोण किती राबलं, यावरून तोंडं फिरली ती फिरलीच. दोरवाला घरी एकटा. भिंतींशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? रविवारी जीपच्या आरशात दादाचं विमान दिसायचं, तेवढीच सोबत. आणि ओढायचा असा बेताने, की दादाला ती खूण करायची वेळ कधी आलीच नव्हती.

आज शेवटचं उड्डाण. दादाचं हृदय कुरकुरत होतं, उद्यापासून परवाना बंद. दोरवाल्याने मनाशी ठरवलं, आज दादाला कधी गेला नाही इतकं उंच पोचवायचं. बोलणं जमत नाही, निदान एवढं तरी.

जीप सुटली. ग्लायडर उचललं, चढलं. पाय सैल करायची वेळ आली, पण पाय निघेना. तेवढ्यात आरशात शेपूट हललं. डावीकडे, उजवीकडे. दोरवाल्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दादा निरोप घेतोय! त्याने आणखी थोडं दाबलं.

फाट्‌! कडी तुटली. दादाने विमानाचं नाक खाली घालून वेग सांभाळला आणि समोरच अलगद उतरला. पण कडी तुटली की तपासणीशिवाय पुन्हा उडायचं नाही, आणि तपासनीस येणार उद्या, सोमवारी. संपलं सगळं.

दादा तरातरा आला. "डोळे फुटलेत का रे तुझे? शेपूट हलवत होतो ना मी!"

अकरा वर्षांनी ऐकलेला आवाज. दोरवाला कसाबसा म्हणाला, "दादा, मला वाटलं, निरोप घेतोयस."

दादाने हातमोजे काढून खिशात कोंबले. "निरोप घ्यायला मला तोंड नव्हतं का?" म्हणाला, आणि फाटकाकडे चालू लागला.

दोरवाला दोर गुंडाळत राहिला. तोंड तर त्यालाही होतं.