खुणेपर्यंतचं औषध

हे आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही — बायकोच्याही नाही. तुम्हालाच का सांगतोय, कोण जाणे.

साठ सालच्या आसपास पोलादपूरला माझा दवाखाना होता. स्वभाव पहिल्यापासून संशयी. रोगी खोटं बोलतो, हे मी धरूनच चालायचो. डोंगरातल्या एका वाडीवरच्या म्हातारीला फेफरं यायचं. मुलगा मुंबईला गिरणीत, घरी ती आणि सून पारू. पहिला डोस मी स्वतः पाजला. दुसऱ्या दिवशी म्हातारी ताजीतवानी! मग काय — त्या एका डोसावरून पुढच्या सगळ्यांचं गणित मांडून मोकळा झालो. आजचं औषध आज संपणार, उद्याचं उद्या. रोज रात्री एक डोस, पारूनं पाजायचा.

तिसऱ्या आठवड्यात म्हातारी झोकांड्या खात आली. जीभ जड, डोळे मिटत होते. कुणीतरी जास्त पाजतंय — दुसरं काय असणार? बाटलीवरची डोसांची कागदी पट्टी पाहिली. औषध बरोबर खुणेवर होतं. तिथेच थांबायला नको होतं का मी? पण मला वाटलं, पाणी घालून भरली असेल.

“खुणंपरमानंच दिलाय, डाक्टर. थेंब जास्त नाय,” पारू म्हणाली.

चोराच्या उलट्या बोंबा, असं मी मनात म्हटलं. मुलाला मुंबईहून बोलावून सांगितलं — तुझी बायको आईच्या जिवावर उठली आहे. त्यानं तिला माहेरी धाडलं, कायमचं. औषध मी तेव्हाच बंद केलं होतं, म्हणून म्हातारी सावरली. वाडी म्हणाली, सून गेली आणि म्हातारी वाचली. डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटत नाही!

पुढे दासगावचे एक मास्तर त्याच औषधावर तसेच झोकांड्या खात आले. एकटे राहायचे. त्यांच्या घरात सून कुठली? तेव्हा कुठे मी कागद घेऊन बसलो. कालचं बरंचसं अंगात उरतं, त्यात आजचं पडतं, त्यातलंही उद्यावर जातं — गळक्या हंड्यात गळतं त्याहून जास्त ओतत राहावं, तसं. तिसऱ्या आठवड्याचा आकडा पहिल्या रात्रीच्या कितीतरी पट निघाला — थेंबही जास्त न पाजता.

मास्तरांचा डोस कमी केला. वाडीवर गेलो नाही. नाव जाईल, ही भीती — दुसरं काही नाही.

काही वर्षांनी पारू आजारी बापाला घेऊन आली, सोबत भाऊ. ती दाराशीच उभी राहिली. मी बाटली पुढे केली, तर तिनं हात मागे घेतला.

“माज्या हाती नको. भावाकडं द्या.”

मी बाटली भावाकडे दिली, आणि पुढच्या रोग्याला आत बोलावलं.