चोरओटी

पिंपरीत पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता, त्या वर्षांतली गोष्ट. आकुर्डीच्या आमच्या घरात मी धाकटी सून. थोरली जाऊ माझ्याआधी घरात आली, एवढाच तिचा मोठेपणा. मूल दोघींनाही नव्हतं, त्यामुळे सासूबाईंची बोलणी आम्ही वाटून खात होतो. मग पुण्याच्या एका दवाखान्यात तिच्या पोटातली गाठ काढली आणि वर्षभरानं ती महिन्याची बाजूला बसेनाशी झाली. सकाळी उलट्या, पोटही जरा पुढं. सगळ्यांनी ठरवून टाकलं, हिला दिवस गेले.

"गाठीनंच वाट अडवली व्हती," सासूबाई म्हणाल्या. "आता मोकळी झाली."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. पाणी मी आणायचं, शेण मी काढायचं आणि दुधावरची साय तिच्या भाकरीवर! ती म्हणायची, "लई दुखतंय गं, एका अंगाला." मला वाटायचं, मिरवतेय. उजवीकडं दुखतंय म्हणजे मुलगाच, असं शेजारणी सांगायच्या आणि ती कळ सोसत हसायची. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरायची ठरली. गाजावाजा नको म्हणून घरोब्यातल्याच बायका बोलावल्या. तांदूळ मी निवडले, नारळ मी धुतला. ऐनवेळी सासूबाई म्हणाल्या, "तू चुलीपाशीच बस. तुझा हात नगं लागाया." तांदूळ निवडताना हात चालला होता. मी चुलीपाशी बसून रडले आणि धुराचं निमित्त सांगितलं.

पुढं तिला ताप चढला तो उतरेना. जुन्या टाक्यांतून पू यायला लागला, तेव्हा बैलगाडीनं चिंचवड स्टेशन गाठलं आणि आगगाडीनं पुणं. सोबत सासूबाई आणि मी. पुन्हा पोट उघडलं. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, मूल नव्हतंच. पहिल्या ऑपरेशनच्या वेळचं रक्त टिपायचं फडकं आत राहिलं होतं आणि भोवतालचं सगळं सडलं होतं. गर्भाची पिशवीही काढावी लागली, पण जीव वाचेल.

गुंगी उतरता उतरता जावेनं माझं मनगट धरलं.

"पोरगा का पोरगी गं?"

मला तिची दया यायला हवी होती. पण विचारताना तिचा चेहरा असा काही उजळला होता, की त्या घडीलाही मला तिचा हेवाच वाटला.