मागच्या रांगेचा आवाज

मे महिना. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी नागपूरच्या सदर भागातल्या एका सभागृहाचे पत्रे तडतडायला लागले होते. संध्याकाळी निवृत्त शिक्षकांचा मेळावा होता. साऊंडवाला जितेंद्र आवाज मोजायचं मीटर घेऊन खुर्च्यांमधून फिरत होता. मिक्सरमधून एकसारखी खरखर सोडायची आणि मीटरचा आकडा पाहून एकेका स्पीकरचा आवाज बसवायचा, हे त्याचं सव्वीस वर्षांचं काम.

पण आठवडाभर त्याला एकच धास्ती होती. बायको, सुभद्रा, म्हणाली होती, "कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या, तुमी बाजूलेच बसून होते. कान गेले का तुमचे?" ती हसली. त्याला हसू आलं नाही. साऊंडवाल्याचे कान गेले तर त्याच्यात अन् स्पीकरचे डब्बे उचलणाऱ्या हमालात फरक काय राहिला?

पुढच्या स्पीकरचे आवाज बसवून झाले. मग शेवटच्या रांगेतल्या छोट्या स्पीकरवर खरखर सोडून तो मागे आला. मीटर म्हणालं, पंच्याहत्तर. हवा तेवढाच.

त्याला मात्र खरखर ऐकू येईना.

त्याने स्पीकरच्या जाळीला कान टेकवला. काही नाही. दुसरा टेकवला. खुर्च्या पुसणाऱ्या जयवंताबाईला त्याने जमेल तितक्या सहज विचारलं, "बाई, तुमाले येते का आवाज?"

"येऊन राह्यला न भाऊ. घरघर-घरघर. काहून, तुमाले नाही येत?"

"येते, येते," तो म्हणाला. मीटरलाही ऐकू येतं, बाईलाही. राहिला तो एकटाच.

"तुमी तं घामानं भिजून राह्यले," बाई म्हणाली. "थांबा, कूलरमंदी पानी टाकतो." तिने बटण बंद केलं.

मीटरचा आकडा धाडकन पन्नासावर आला.

जितेंद्र बघतच राहिला. हातभर अंतरावर तो अजस्र पत्र्याचा कूलर इतका वेळ गरगरत होता. एप्रिल लागला की नागपुरात कूलरचा आवाज कोणी ऐकतच नाही. तो हवेतच जमा. त्याने स्पीकरच्या मागे हात घातला. वायर लावलेलीच नव्हती.

त्याने ती खोचली. खर्रर्र!

"अगा माय!" बाईच्या हातची बादली हिंदकळली. "हे काय होय?"

"हाच माहा आवाज, बाई. पाच मिनिटं कूलर बंदच ठेवा."

त्याने आकडा बसवला. कुकरच्या शिट्ट्यांचं कोडं मात्र उरलंच होतं; कानाच्या डॉक्टरकडे जायचं की नाही, हे अजून ठरत नव्हतं. मग चिकटपट्टीचं रीळ घेऊन तो खाली बसला आणि वायर फरशीला चिकटवू लागला.