शीतल, अण्णासाहेब आणि पाच एचपीची मोटार

"मोटार काढा आणि तिच्या हातात पुस्तक द्या," माझ्या कॉम्प्युटरवरच्या फोटोकडे बोट करून प्राचार्य म्हणाले.

मी म्हणालो, "सर, तिचा हात मोटारीवर टेकलाय. मोटार काढली की हात हवेत राहतो."

"मग पुस्तक जाड घ्या."

मोटार पाणबुडी होती, बोअरमध्ये सोडतात ती. उभी ठेवली की पोरीच्या कमरेपर्यंत येत होती. तेवढ्या उंचीचं पुस्तक मी आजवर पाहिलेलं नाही. पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा आमचा पहिला नियम, म्हणून मी इंटरनेटवर जाड पुस्तक शोधायला लागलो.

मी जिंतूरला फ्लेक्स डिझायनर आहे. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, त्यामुळे गाव अजूनही मला पेंटर म्हणतं. चौकात जे मोठमोठे चेहरे हात जोडून तुमच्याकडे बघतात, ते माझ्या कॉम्प्युटरमधून गेलेले असतात. कामातला मुख्य भाग म्हणजे कटआउट. फोटोतल्या माणसाच्या मागचं सगळं पुसायचं आणि नुसता माणूस उचलून ठेवायचा. मग त्याला किल्ल्यासमोर उभा करा, नाहीतर वाघाशेजारी. खाली बारीक चेहऱ्यांची रांग असते, ती शुभेच्छुकांची. आपण कुणाला तरी शुभेच्छा दिल्यात हे त्यातल्या निम्म्यांना चौकात आल्यावर कळतं. कुणी तक्रार केलेली मला आठवत नाही.

शीतलचा कटआउट मी असाच केला होता. शीतल वालूरची, आमच्या इथल्या कॉलेजात बी.ए.ला. पहाटे गावच्या रस्त्यावर पळायची आणि मग एसटी पकडून कॉलेजला यायची. विद्यापीठाच्या स्पर्धेत तिनं पाच हजार मीटरला सुवर्ण आणलं. काळे सर म्हणजे कॉलेजचे क्रीडा संचालक. त्यांनी मोबाइलवर तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी माझ्या दुकानात गर्दी झाली.

आधी कॉलेजचा फ्लेक्स झाला. मग संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब यांचा. त्यात अण्णासाहेब मधोमध आणि शीतल त्यांच्या कोपराएवढी. मग स्पर्धा परीक्षेचा एक क्लास आला. 'आमची विद्यार्थिनी' असं टाका म्हणाले. ती त्या क्लासच्या जिन्यावर तरी चढली असेल का, मला शंका आहे. नगरपालिकेच्या निवडणुकीची वाट बघणाऱ्या एका तरुण नेतृत्वानं 'प्रभागाचा अभिमान' असं लिहून घेतलं. वालूर सेलू तालुक्यात येतं, हे मी त्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, अभिमानाला तालुका नसतो.

शीतलला यातल्या कुणीच विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात जो फोटो पाठवतो तोच फोटोचा मालक.

रियाजभाईंनी मात्र विचारलं. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांचं मोटारपंपाचं दुकान आहे. त्यांनाही पळणाऱ्या पोरीचा फोटो हवा होता. मी म्हणालो, कटआउट तयार आहे, तासाभरात प्रूफ पाठवतो. प्रूफ म्हणजे छापण्याआधी मोबाइलवर दाखवायचा नमुना. रियाजभाईंनी मान हलवली.

"मुफ्त का चेहरा मेरेकू नक्को, पेंटर. उद्या मोटार बंद पडली तर लोक पोरीला नावं ठेवतील. मग तिला त्याचे पैसे भेटायला पायजेत का न्हाई?"

ते स्वतः वालूरला जाऊन आले. वर्षभरासाठी ठरलं. दर महिन्याला ठराविक रक्कम शीतलच्या खात्यात आणि बदल्यात मोटारींच्या जाहिरातीत तिचा फोटो फक्त त्यांच्याकडे. फोटोही उसना नको म्हणाले. तिला दुकानात बोलावून मोटारीवर हात ठेवून उभं केलं आणि मी तो काढला. वरची ओळ त्यांनीच सुचवली, 'दोघी दमत नाहीत'. मला ती आवडली नव्हती, पण अख्ख्या जिंतुरात पाठ झाली.

या पैशावर काय अडलं होतं तेही सांगतो. शीतलचे वडील मुंजाजी कापसाच्या जिनिंगवर कामाला आहेत. माणूस वाईट नाही. पोरीला सुवर्ण मिळालं तेव्हा त्यांनी जिनिंगवर पेढे वाटले होते. पण या वर्षानंतर पळणं बंद असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पळून पोरगी कुठं पोचणार आहे, हा त्यांचा प्रश्न होता. पाहुणे बघायला यायचे होते. रियाजभाईंचा पहिला महिना जमा झाला आणि मुंजाजींनी पाहुण्यांना निरोप धाडला की पुढच्या वर्षी या. म्हणजे चौकातला तो फ्लेक्स होता तोवर शीतलचं पळणं होतं. फ्लेक्स गेला की पळणं गेलं.

नेमका तो अण्णासाहेबांच्या डोळ्यात खुपला. त्यांची गाडी चौकात थांबली. स्वतःच्या फ्लेक्सवर ते मोठे होते, हे ठीक. पण शेजारी रियाजभाईंच्या फ्लेक्सवर पोरगी पायापासून डोक्यापर्यंत अख्खी, आणि अण्णासाहेब कुठेच नाहीत. शिवाय पोरीला यातून पैसे मिळतात हेही त्यांना कुणीतरी सांगितलं. त्यांनी प्राचार्यांना फोन केला. प्राचार्यांनी रात्रीतून मोबाइलवर नियम शोधला. जाहिरातीचे पैसे घेणारा विद्यार्थी खेळाडू स्पर्धेला अपात्र ठरतो, असा तो नियम. पुढच्या महिन्यात शीतल विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायची होती आणि तिच्या अर्जावर प्राचार्यांची सही लागणार होती. मोटार उतरत नाही तोवर सही नाही, असं त्यांनी कळवलं.

म्हणून त्या दिवशी सगळे माझ्या दुकानात जमले. कॉलेजात बसलो तर चर्चा होते, असं प्राचार्यांचं म्हणणं. माझं दुकान रस्त्याला उघडं आहे आणि समोर चहाचा गाडा आहे. तरीही ते गोपनीय समजायचं होतं. रियाजभाई, काळे सर, शीतल आणि जिनिंगवरून सुट्टी काढून आलेले मुंजाजी असे चौघं बाकावर बसले.

काळे सरांनी प्राचार्यांचा मोबाइल मागून घेतला आणि नियम वाचला. मग बोट सरकवून पुढचंही वाचलं.

"सर, हे अमेरिकेतल्या कॉलेजांचं हाय."

"मग?"

"आन् पुढं लिहिलंय की तिथं बी आता परवानगी दिलीय. पोरं जाहिराती करतात, पैसे घेतात."

प्राचार्यांनी मोबाइल परत घेतला. मग म्हणाले, "अमेरिकेनं सोडलं म्हणून आपण सोडायचं का? आपल्या मातीत खेळ ही साधना आहे."

पोरींच्या साधनेसाठी लागणारे बूट काळे सर वर्षानुवर्षं स्वतःच्या खिशातून आणत आले आहेत.

प्राचार्यांचे सगळे मुद्दे फालतू होते असं मी म्हणणार नाही. आज मोटार आहे, उद्या कुणी गुटख्याची जाहिरात केली तर काय, असं त्यांनी विचारलं. एकीला पैसे मिळाले तर टीममधल्या बाकीच्या पोरींना काय वाटेल, हेही विचारलं. दोन्ही प्रश्न रास्त होते. बसून विचार केला असता तर चांगला नियम निघाला असता. पण तिथे नियम कुणी करतच नव्हतं, मोटार तेवढी काढायची होती. मुंजाजी खाली मान घालून ऐकत होते. शेवटी ते उठले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, आमाला काई झगडा नको. काढून टाका. तसंबी औंदा तिचं पळनं बंदच करायचं व्हतं."

बापाचं हे बोलणं ऐकून शीतल उभी राहिली.

"सर, माझ्या फोटोवर पैसे कमवायचे न्हाईत, असंच ना? मग कुनीच कमवू नयेत. क्लासवाल्यांनी माझ्या फोटोवर ॲडमिशन केले. कॉलेजच्या गेटवर बी मीच हाय. रियाजचाचांनी तेवढं विचारलं मला." मग ती माझ्याकडे वळली. "काका, मोटार काढायची तर सगळीकडून मला बी काढा. आत्ताच काढा."

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही. चेहरा तिचा होता, तेव्हा तीही गिऱ्हाईकच. मी जाड पुस्तकाचा शोध सोडला आणि कॉलेजच्या गेटचा नवा फ्लेक्स उघडला. सोमवारी कॉलेजात बाहेरची तपासणी समिती येणार होती आणि तिच्या स्वागताचा तो फ्लेक्स त्याच दिवशी छापायचा होता. आमच्या डिझाइनमध्ये थर असतात, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे. एका थरावर ट्रॅक, एकावर अक्षरं, एकावर माणूस. मी शीतलचा थर बंद केला.

वर 'गुणवत्तेची सुवर्ण धाव' ही अक्षरं तशीच राहिली. खाली लाल ट्रॅक. आणि ट्रॅकवर कोट घालून, हात जोडून एकटे अण्णासाहेब.

प्राचार्य स्क्रीनकडे वाकले. दुसऱ्या कुणाचा फोटो टाका म्हणाले. काळे सर म्हणाले, दुसरं सुवर्ण नाही. प्राचार्यांनी मग एक चूक केली. तेच प्रूफ त्यांनी अण्णासाहेबांना पाठवलं. लगेच फोन आला. प्राचार्य गडबडीत होते, फोन स्पीकरवर लागला.

"ह्याच्यात मी पळायलोय का?"

प्राचार्यांनी सगळं समजावून सांगितलं. पोरीला काढलं तर समितीपुढे दाखवायला काहीच उरत नाही, हे दोन-तीन प्रकारे सांगितलं. मग निकाल आला. पोरीला जाहिरात करू द्या, पण संस्थेच्या मार्गदर्शनाखाली. याचा अर्थ कुणाला लागेना. अण्णासाहेबांनी तो स्वतःच सांगितला. मोटारीच्या फ्लेक्सवर वरच्या बाजूला त्यांचा फोटो, खाली 'मार्गदर्शक'.

रियाजभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "डालो. लेकिन पैसे पोरीच्याच खात्यात जातील."

"तिचे पैसे मला काय करायचेत?" अण्णासाहेब म्हणाले, आणि हे ते मनापासून म्हणाले असावेत. अर्जावर प्राचार्यांची सही माझ्याच टेबलावर झाली. मुंजाजींनी सही होईपर्यंत कागदावरची नजर काढली नाही. मी शीतलचा थर पुन्हा चालू केला आणि दोन्ही फ्लेक्स छापायला लावले.

नवा फ्लेक्स चौकात लागला आणि निराळाच घोळ झाला. लोक रियाजभाईंच्या दुकानात येऊन विचारायला लागले, अण्णासाहेबांनी एजन्सी घेतली का? मोटार जळाली तर त्यांच्याकडे जायचं का? संस्थेच्या सभेत विरोधी गटाच्या एकानं उभं राहून विचारलं की मोटारीवर चढायचे अध्यक्षांनी किती घेतले. अण्णासाहेबांनी एक रुपयाही घेतला नव्हता. ते त्यांनी सभेत सांगितलं, लग्नात सांगितलं, मयतीलाही सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही. फुकट कोण आपला फोटो लावू देतं, असं लोकांचं म्हणणं पडलं.

शीतल आंतरविद्यापीठला गेली आणि आठवी आली. देशभरातल्या पोरींमध्ये आठवी म्हणजे काय, ते काळे सरांनी मला समजावून सांगितलं. गावाला समजावून सांगणारं कुणी नव्हतं. तपासणी समिती येऊन गेली होती, त्यामुळे गेटवरचा फ्लेक्स उतरला. क्लासनं नवा टॉपर चढवला. तरुण नेतृत्वाचा अभिमान तोवर एका कुस्तीगिराकडे गेला होता. आणि अण्णासाहेबांचा मला फोन आला. त्या मोटारीवरून मला काढा, म्हणाले, उगाच बोभाटा होतो.

त्यांचा थर मी बंद केला. खाली शीतल आणि मोटार राहिली. छापण्याआधी मी रियाजभाईंना विचारलं, आता पोरगी हरली आहे, फ्लेक्स ठेवायचा की उतरवायचा? ते एका शेतकऱ्याला वायर मोजून देत होते. वर न बघताच बोलले.

"सालभर का बोला तो सालभर. आठवी आली तरी आपल्यापेक्षा पुढंच हाय ना?"

फ्लेक्स चौकात आहे. पैसे दर महिन्याला जमा होतात आणि शीतल रोज पहाटे पळते. मध्ये एकदा मुंजाजी दुकानात येऊन गेले. उन्हानं पोरीच्या तोंडावरचा रंग उडायलाय, नवा लावायचा का, असं विचारायला आले होते.

आमच्या धंद्यातला माणूस म्हणून मला एवढंच कळलं. कौतुकाचा फ्लेक्स कुणीही, कधीही उतरवू शकतो, कारण तो लावताना कुणी कुणाला शब्द दिलेला नसतो. पैसे ठरवून लावलेला फ्लेक्स मात्र मुदत संपेपर्यंत उतरवता येत नाही.