ओव्हाळ बाईंचा तिसरा व्हिडिओ

शाळेत परिपाठ चालू होता. मुलं प्रतिज्ञा म्हणत होती आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरत होता. एकदा, दोनदा, मग सारखाच. मी काढून पाहिला नाही. त्या आठवड्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर दुसरं काही येतच नव्हतं... ऑनलाइन प्रशिक्षण कुणाचं झालं, कुणाचं राहिलं, शेवटची तारीख कोणती, राहिलेल्यांनी कारण लेखी द्यावं. माझं राहिलं होतं. फोन वाजला की मी तो उघडणं जमेल तितकं लांबवायचे. मधल्या सुट्टीत उघडला. शेवटच्या तारखेच्या मेसेजखाली कान्ह्याच्या शाळेतल्या जाधव सरांनी लिहिलं होतं, ‘ओव्हाळ बाई आज सकाळी आंबीला राहत्या घरी गेल्या. हृदयविकार.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. आणि त्या रांगेत मधेच कुणीतरी, बहुधा न वाचताच, स्वतःचं प्रशिक्षण पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र टाकलं होतं.

याला आता सहा आठवडे झाले. फोन वाजला की उघडणं अजून लांबवते, पण त्याचं कारण बदललंय.

सुशीला ओव्हाळ कार्ल्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवरच्या शाळेत शिकवायच्या. दोनशिक्षकी शाळा, चार वर्ग, दोन खोल्या. आंबीहून स्कूटीवर कार्ल्यापर्यंत यायचं, गाडी एका ओळखीच्या टपरीमागे लावायची आणि शेवटची चढण पायी चढायची, हा त्यांचा रोजचा क्रम. नोकरीची बत्तीस वर्षं झाली होती, तीन उरली होती. वाडीवरच्या कित्येक घरांत त्यांनी आधी आईला आणि मग तिच्या मुलीला शिकवलं होतं. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, कामशेतजवळच्या शाळेत. केंद्राच्या बैठकीत भेटायचो तेव्हा ‘कशी आहेस वर्षा’ आणि ‘बरी आहे बाई’, एवढीच ओळख.

ही ओळख वाढली या प्रशिक्षणामुळे. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, खालचे प्रश्न सोडवायचे, पुढचा भाग उघडायचा. आम्ही बहुतेक जण काय करत होतो ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. आवाज बंद करून फोन ओट्यावर टेकवून ठेवायचा, व्हिडिओ आपला चालू, इकडे आपल्या पोळ्या चालू. उत्तरं ग्रुपवर कुणीतरी टाकायचंच. प्रश्न होता तो शेवटच्या भागाचा. त्यात स्वतःच्या वर्गाचा व्हिडिओ करून त्यावर सहकाऱ्यांशी चर्चा करायची होती. त्याची उत्तरं कुणी पाठवू शकत नव्हतं. मी शिकवताना कशी दिसते हे बघायची मला इतकी धास्ती होती की मी तो भाग उघडलाच नव्हता.

एके दिवशी बाईंचा फोन आला. “वर्षा, खरं सांग, ते व्हिडिओ बघतेस का नुसते पळवतेस?”

“पळवते, बाई.”

“मी पण. एकटीला बसून काही डोक्यात शिरत नाही. चला, एकत्र बसून बघू.”

मग शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही तीन शाळांचे सहा जण कान्ह्याला जमायला लागलो. तिथे जाधव सर मुख्याध्यापक. त्यांच्या शाळेत रेंज नीट यायची आणि काहींना लोकलने येणं सोपं पडायचं. पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे वर घेऊन बसायचं आणि सरांच्या लॅपटॉपमध्ये डोकी खुपसायची. पहिले दोन शनिवार पोहे खाण्यात आणि कार्यालयाच्या नावाने कुरकुर करण्यात गेले. तिसऱ्या शनिवारी बाईंनी एक व्हिडिओ मधेच थांबवून विचारलं, “आपल्या वाडीवर हे चालेल का?” आणि त्या एका प्रश्नावर आम्ही दीड तास भांडलो. घरी जाताना लक्षात आलं, की डी.एड. झाल्यापासून शिकवण्याबद्दल मी कुणाशी इतकं बोललेच नव्हते.

स्वतःचा व्हिडिओ पहिला दाखवायला कुणी तयार होईना. बाईंनीच दाखवला. मुलं स्वच्छ गणवेशात, उत्तरं एका सुरात. आम्ही वाहवा केली. बाई म्हणाल्या, “कसली वाहवा करता? सांगून बसवलं होतं सगळं.” दुसऱ्या वेळी त्यांनी फोन फळ्याशेजारच्या खिडकीत, मुलांकडे तोंड करून ठेवला आणि विसरून गेल्या. तो व्हिडिओ आमच्यापैकी कुणीच विसरणार नाही.

त्यात तिसरीतली काजल होती. वाडीवरच्या मजुरी करणाऱ्या घरातली मुलगी. ती वर्गात बोलत नाही, हे बाईंनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. ‘दोन वर्षं झाली, तोंडातून शब्द नाही. दवाखान्यात दाखवा म्हणून आईच्या मागे लागलेय.’ व्हिडिओत बाई प्रश्न विचारून फळ्याकडे वळल्या. जाधव सर एकदम म्हणाले, “थांबा, मागे घ्या जरा.” मागे घेतलं. बाई पाठमोऱ्या झाल्या की कोपऱ्यातल्या काजलचे ओठ हलत होते. ती उत्तर देत होती. बाई वळल्या की तोंड मिटत होतं. पाऊण तासात असं चार वेळा झालं.

आम्हाला आनंद झाला. मुलीला येतंय सगळं! बाईंचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी ते चारही तुकडे पुन्हा लावायला सांगितले आणि शेवटी हळूच म्हणाल्या, “ही मला भ्याती.” बैठकीत नेहमी शुद्ध बोलणाऱ्या बाई अस्वस्थ झाल्या की आंबीचं बोलायच्या. “माजं तोंड दिसलं की गप होती... पोरं मला भ्यात न्हाईत असं सांगत आले मी सगळ्यांला.”

सोमवारीच त्या काजलच्या घरी गेल्या. तिथलं बोलणं त्यांनी मला फोनवर सांगितलं, ते अजून कानात आहे. काजलची आई म्हणाली, “बाई, घरी लय बोलती ती. पर तुमी हासला व्हता म्हनं तिला.”

“मी? कधी?”

“पयलीत असताना. घरचा कायतरी शबुद बोलली ती, तर तुमी हासला आन समदी पोरं हासली. तवापासनं म्हनती, साळंत न्हाई बोलायचं.”

बाईंना ते आठवत नव्हतं. त्या कौतुकाने हसल्या असणार, याबद्दल मला शंका नाही. मी तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, “तिला कसं कळावं गं कौतुक?” कोणता शब्द होता ते आईलाही सांगता आलं नाही, आणि काजलला विचारायचा बाईंना धीर झाला नाही. तो शब्द त्यांना शेवटपर्यंत कळला नाही. त्यानंतर मात्र त्या काळजीनं पोखरल्यासारख्या झाल्या. अशा किती जणी होऊन गेल्या असतील? मधेच शाळा सोडलेली एकेक मुलगी आठवायची आणि मला फोन यायचा. ‘वर्षा, तिलाही मी काही बोलले असेन का गं?’ मी ‘नसेल हो बाई’ म्हणायचे. दुसरं काय म्हणणार! पण फोन ठेवल्यावर मला माझ्या वर्गातली गप्प मुलं दिसायला लागायची आणि जेवण जायचं नाही.

बाईंनी आपली शिकवायची रीत बदलली. खुर्ची सोडून त्या मुलांमध्ये सतरंजीवर बसू लागल्या. एकेका वस्तूला घरी काय म्हणतात ते मुलांना विचारायचं, तो शब्द फळ्यावर लिहायचा, त्याशेजारी पुस्तकातला. मुलं सांगणार आणि बाई लिहिणार, त्यांचा उच्चार चुकला तर मुलं सुधारणार. तिसरा व्हिडिओ त्या तासाचा. शेवटाकडे काजल बाईंच्या तोंडाकडे बघत एक शब्द बोलते, जेमतेम ऐकू येईल असा. कान्ह्याच्या त्या वर्गात आम्ही बाकीच्या पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. मग वह्या काढून नोंदी केल्या. मुलांची बसण्याची जागा, प्रश्नांमधला अवकाश, फळ्याची विभागणी... काही म्हणजे काही सोडलं नाही.

बाई गेल्या त्या दुपारी आम्ही आंबीला गेलो. त्यांची मुलगी प्रज्ञा दारातच बसली होती. ती म्हणाली, “महिनाभर दम लागत होता तिला. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. म्हणायची, एवढं ट्रेनिंगचं संपू दे, शेवटची तारीख जवळ आलीय.” तीन दिवसांनी त्या तारखेला मुदतवाढ मिळाली.

बाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर घरी येऊन मी तिसरा व्हिडिओ पुन्हा लावला. या वेळी काजलकडे पाहिलं नाही. बाई सतरंजीवरून उठताना खिडकीचा गज धरतात. फळ्यापर्यंतच्या चार पावलांत एकदा थांबतात. दोन शब्दांच्या मधे त्यांचा श्वास ऐकू येतो, स्पष्ट, चढण चढून आल्यासारखा. आम्ही ज्याला ‘प्रश्नांमधला अवकाश’ म्हणून वहीत लिहून घेतलं होतं, तो बाईंना लागलेला दम होता. एका मुलीचे हललेले ओठ टिपणारे आम्ही पाच जण... आमच्यापैकी एकानेही तो ऐकला नव्हता.

पुढच्या आठवड्यात मला त्यांच्या जागी वाडीवर तात्पुरती कामगिरी मिळाली. पहिल्या दिवशी ती चढण चढताना एकच भीती होती. बाईंनी इतक्या जपून जे उघडलं होतं, ते माझ्या एखाद्या शब्दाने, एखाद्या हसण्याने पुन्हा मिटलं तर? काय बोलायचं ते मी रस्ताभर घोकत होते. वर्गात गेले. सतरंजी अंथरलेली होती, खुर्ची कोपऱ्यात ढकललेली. वीसबावीस मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. घोकलेलं सगळं बाजूला ठेवून सरळ गणित घातलं. चाळीसमधून सतरा गेले तर किती उरले?

आणि मुलांकडे पाठ करायची नाही म्हणून मी फळ्याकडे वळले नाही.

काजल पुढच्या ओळीत होती. तिने बोटं मोजली, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सत्तावीस!”

उत्तर चुकलं होतं. मी वर्गाकडे बघितलं, जीव मुठीत धरून. कुणी हसलं नाही. शेजारचा मुलगा तिला म्हणाला, “पुन्ना मोज,” आणि ती मोजायला लागली.