सर्जेरावांचा बाण

सुभेदार सर्जेराव निवृत्त झाल्यावर साताऱ्याला परतले नाहीत. जयपुरातच, झोटवाड्यात, नेमके आमच्या शेजारी घर घेऊन राहिले, हे आमचं नशीब! हयात गेली जवानांना नेमबाजी शिकवण्यात. त्यांच्या पत्नी तारामतीवहिनी भाजी चिरायला बसल्या तरी हे मागे उभे राहून सुरी कशी धरावी ते सांगणार.

शहाऐंशी साली माझ्या दिरानं अमेरिकेहून एक खेळ आणला. राक्षस, भुयारं, फासे. प्रत्येकानं एकेक वीर व्हायचं, आणि मी पुस्तकातले नियम वाचून काय घडलं ते सांगायचं. रविवारी दुपारी कूलरसमोर आमचा डाव पडायचा. सर्जेराव अर्थातच तिरंदाज. वहिनी झाल्या तलवारवाली, आणि तिचं नाव ठेवलं मालन. ते त्यांचं माहेरचं नाव. लग्नात बदललं, त्यानंतर त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. खेळात मात्र आम्ही सगळे "मालन, हो पुढे!" म्हणून ओरडायचो आणि बाई अशा खुलायच्या म्हणता!

सर्जेरावांना नियम फार प्रिय. नेम लांबचा असेल तर फाशातून गुण वजा करायचे, आमचे हे विसरले की सुभेदार गुरकावायचे, "नियम म्हंजे नियम, श्रीपादराव!" एकच नियम त्यांच्या जिव्हारी लागायचा. झटापटीत बाण सोडला तर तो आपल्याच माणसाला लागू शकतो. कुणाला, ते फासा ठरवणार. "असल्या चुका रंगरूट करत्यात," म्हणायचे.

त्या रविवारी मालन राक्षसाला भिडली. राक्षस अर्धमेला झाला होता, एक घाव पुरे होता. वहिनी म्हणाल्या, "अहो, थांबा. मी बघते." पण थांबतील ते सर्जेराव कसले! सोडला बाण. फासा पडला आणि मालन मेली.

"वारा होता," सुभेदार म्हणाले. "मतलब... ह्यो फासा धरायचा न्हाई. परत टाकतो." भुयारात कसला आलाय वारा, कपाळ! पण वहिनींचे डोळे भरून आलेले पाहून मला भडभडून आलं. म्हटलं, "टाका हो सुभेदार, पुन्हा."

"नको," वहिनी म्हणाल्या. "फासा बरोबरच पडला. मी थांबा म्हणाले, ते ऐकू आलं होतं ना?"

सर्जेराव खाली बघत म्हणाले, "आलं होतं."

"मग आता मी नवी वीर होऊन येते, धनुष्य माझ्याकडे. तुम्ही मालनची तलवार घ्या आणि व्हा पुढे."

सुभेदार निमूट पुढे झाले. राक्षस समोर होता, पण हा माणूस सारखा मागे वळून बायकोकडे बघत होता.