जयवंताची चौदा पोरं
दिवाळी सरली की वस्तीवरची धनगरं मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, पोरंही मागोमाग जायची आणि शाळेचा पट निम्म्यावर यायचा. शहाण्णव साली शाळाखात्याचा साहेब इंदापुराहून येऊन बजावून गेला, "पुढच्या साली पट घसरला तर शाळा बंद!"

जयवंता साठीची, अडाणी, पण तोंडाची फटकळ. पुढच्या दिवाळीला कळप निघाले तशी ती वाटेत आडवी उभी राहिली. "मेंढरं खुशाल न्या. पोरं हितंच ऱ्हातील, माझ्या घरात."

चौदा पोरांच्या भाकरी ती एकटी थापू लागली.

जानेवारीत साहेब पट मोजायला आला आणि चक्रावलाच. "आजी, एवढी पोरं एकटीला झेपतात?"

"दोनशे मेंढरं राखल्यात मी," जयवंता उसळली. "तुमास्नी एक शाळा राखवत न्हाय व्हय?"